एक बाहेर

बसा. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, भिंतीकडे रेलून बसलात की डुगडुगत नाही. वीज आत्ताच गेली, आणि आमच्या चौकीतली वीज एकदा रुसली की लवकर परतत नाही, म्हणून हा कंदील मध्ये घेते. हवालदार चहा सांगायला गेलेत. तोवर आपण बोलू.

तुम्ही गस्तीला नाव दिलंत, मला बरं वाटलं. वसाहतीत नवीन आलेली माणसं आधी पाण्याची वेळ विचारतात, मग कचऱ्याची गाडी. गस्तीचा विषय काढला की सगळ्यांची कंबर एकदम दुखायला लागते. तुमची दुखली नाही. मी कोण ते एव्हाना कळलं असेलच. शाळेत खेळ शिकवायचे, गळ्यात शिट्टी असायची, म्हणून शिट्टीबाई. मी निवृत्त झाले, नाव काही झालं नाही. इथले निम्मे बापे माझ्या शिट्टीवर मैदानाला फेऱ्या मारून मोठे झालेत. मी दार वाजवलं की अजूनही पोट आत घेऊन उभे राहतात.

आता आपली पद्धत ऐका, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीमुळेच झालं.

मागे इथे घरफोड्या फार झाल्या होत्या. चोर यायचे ते दिवेलागणीला. त्या वेळी घरातलं कुणी ना कुणी यायचं असतंच. बाहेरून कडी वाजवायची, "मीच आहे" म्हणायचं, आणि आतलं माणूस हातातलं काम न सोडता दार उघडून मोकळं. लोक पोलिसांना शिव्या घालत होते, पोलीस लोकांना. शेवटी साहेबांनी शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. नुसता कलकलाट! मी शिट्टी फुंकली तेव्हा कुठे शांतता झाली. साहेबही दचकून उभे राहिले होते, पण ते तुम्ही त्यांना सांगू नका.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडे माणसं कमी, आमच्याकडे डोळे जास्त. जोड्या लावू." एक रहिवासी, एक पोलीस. दिवे लागले की निघायचं. प्रत्येक दार वाजवून विचारायचं, "सगळे आत?" आतून उत्तर यायचं, "सगळे आत." की चालले पुढच्या दाराला. कुणी घरी यायचं असेल तर आतून सांगायचं, "एक बाहेर." मग ते माणूस घरी पोचवणं ही गस्तीची जबाबदारी. वळणावर थांबायचं, सोबत करायची, दाराशी आणायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "आणलं." हा शब्द गस्तीकडून ऐकल्याशिवाय आतून कडी काढायची नाही, मग बाहेर खुद्द नवरा कोकलत असला तरी. काही नवरे कोकललेही. पण चोरांचा धंदा बसला, आणि लोकांना आमच्या हाकेची सवय झाली. एखाद्या दिवशी उशीर झाला तर बायका खिडकीतून विचारायच्या, "आज आम्ही नाही का वसाहतीत?"

आपल्या फेरीतलं शेवटचं घर इस्त्रीवालीचं. त्यापुढे बर्फाचा कारखाना, आणि मग काहीच नाही, मोकळं रान. घरात तिघी. म्हातारी आजी, तिची सून म्हणजे आपली इस्त्रीवाली, आणि सुनेची मुलगी चिमी. इस्त्रीवालीचा नवरा त्या कारखान्यातच कामाला होता. खांद्यावर गोणपाट टाकून बर्फाच्या लाद्या ओढायचा, त्यांवर लाकडाचा भुसा पसरायचा. शाळेत माझ्या हाताखालीच होता. डावा खांदा थोडा पडलेला, रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहायचा. "ताठ उभा राहा रे," म्हणून म्हणून माझा घसा बसायचा. हसायचा नुसता. गुणी पोर.

गेल्या हिवाळ्यात कारखान्यात नळी फुटली आणि बर्फ गोठवायला वापरतात तो उग्र वायू पसरला. बाकीचे धावत सुटले, हा आत राहिला. मी स्वतः गेले होते त्याला पोचवायला. ते तुमच्यापासून कशाला लपवू, रडलेही होते. त्यानंतर कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच.

त्याच्या जाण्यानंतर गस्त पहिल्यांदा त्या दाराशी गेली तेव्हा हवालदारांनी हळूच विचारलं, "सगळे आत?" मग आतून आजीचा आवाज आला, "एक बाहेर."

काय बोलणार हो आपण? हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, "बरं आजी, बघतो आम्ही." आणि आम्ही परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. आजी म्हणायची, "एक बाहेर." आम्ही म्हणायचो, "बघतो." म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणून. इस्त्रीवालीने एकदा दुकानात मला गाठलं. म्हणाली, "बाई, तुम्ही आईंना नाही म्हणा ना. रोज ते ऐकून चिमी दाराशी जाऊन बसते." मी तिला समजावलं, की दुःख हळूहळू निवतं, जरा वेळ द्यावा. मोठी शहाणी मी!

मग एका संध्याकाळी धुकं असं दाटलं होतं की हात पुढे केला तर बोटं दिसत नव्हती. हवालदारांच्या गुडघ्याने संप पुकारला होता, म्हणून साहेबांनी नव्या शिपायाला माझ्यासोबत दिलं. बदली होऊन नुकताच आलेला. बुटांना चकाकी, पट्ट्याला चकाकी, आणि काम करायचा उत्साह तर उतू चाललेला. प्रत्येक दाराशी अशी खणखणीत हाक द्यायचा की आतली मुलं हसायची.

शेवटून दुसऱ्या घरातले काका म्हणजे तक्रारींचं कोठार. त्यांनी मला दारात धरून ठेवलं, समोरच्यांचा कुत्रा त्यांच्याकडे बघून मुद्दाम भुंकतो म्हणून. मी शिपायाला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, एवढं एकच घर राहिलंय." आजीबद्दल त्याला सांगायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. मी त्या कुत्र्याच्या स्वभावाची चौकशी करत राहिले.

मी इस्त्रीवालीच्या दाराशी पोचले तर शिपाई नाही.

"इस्त्रीवाल्या बाई," मी हाक मारली, "आमचा शिपाई कुठे गेला?"

आतून ती म्हणाली, "आईंनी सांगितलं, एक बाहेर. ते म्हणाले, कुठे कामाला असतात? आई म्हणाल्या, कारखान्यात. तर ते 'आत्ता घेऊन येतो' म्हणून गेले, बाई… मी थांबा म्हणेपर्यंत गेलेसुद्धा."

मला हसूच आलं. म्हटलं, "जाऊ दे. फाटकाचं कुलूप बघेल आणि येईल परत."

मी पायरीवर थांबले. आत इस्त्रीचा फस्स आवाज येत होता, ओल्या कापडाचा गरम वास फटीतून बाहेर येत होता. छान वाटत होतं. पलीकडे कुणाकडे तरी भांडी पडली, कुणी तरी हसलं. मग ते आवाज एकेक करून बंद होत गेले. धुक्यात आवाज दबतात, ते मला ठाऊक आहे. पण हे दबणं वेगळं होतं, कुणी तरी दारं ओढून घेत यावं तसं.

आणि मग वास बदलला. आधी ओला भुसा. मग त्यामागून तो दुसरा, डोळ्यांत पाणी आणणारा, घशाला झोंबणारा. कारखाना बंद होऊन इतके महिने झाले होते. मी रुमाल नाकाला लावला आणि स्वतःला बजावलं, जुनं गंजकं यंत्र आहे, थंडीत सुटत असेल थोडाफार वास.

पावलं ऐकू आली. बुटांची टक टक, ती आमच्या शिपायाची. आणि तिच्या जोडीने अनवाणी पावलांची, ओल्या पोत्यासारखी घसटत येणारी.

धुक्यातून आधी बॅटरीचा उजेड आला, मग शिपायाचा हसरा चेहरा. त्याने कुणाला तरी कोपराशी धरून आणलं होतं.

"बाई, सापडले!" तो म्हणाला. "फाटकाच्या आत उभे होते. मी म्हटलं, घरी वाट बघतायत, चला. तर आले मुकाट्याने. गारठलेत बिचारे, बोलवत पण नाही त्यांना."

"फाटकाच्या… आत?"

"हो."

"कुलूप कुणी काढलं?"

शिपाई थबकला. "कुलूप… होतं खरं."

मी माझ्या बॅटरीचा झोत हळूहळू वर नेला. पायाखाली पाणी साचत होतं. अंगातलं कापड थिजून ताठ झालेलं. खांद्यावर गोणपाट. मान खाली, चेहरा दिसत नव्हता, आणि मला तो बघायचाही नव्हता. मला खांदा दिसला. डावा, थोडा पडलेला.

मी घाबरट बाई नाही. शाळेच्या विहिरीत साप निघाला होता तेव्हा मी एकटीने काठी घातली होती. पण त्या क्षणी मी कठडा घट्ट धरला, खोटं कशाला सांगू.

शिपायाने छाती भरून श्वास घेतला, आणि तोंड उघडलं. तो काय म्हणणार ते मला कळलं. मी झेप घेतली आणि त्याच्या तोंडावर हात दाबला.

"तो शब्द उच्चारायचा नाही," मी त्याच्या कानात म्हटलं. "आजपर्यंत शिकलात ते सगळं विसरा, पण तो शब्द नाही."

"पण हे… ह्याच घरचे ना?"

"होते."

त्याचे डोळे विस्फारले. तरी त्याने कोपर सोडलं नाही. मग कळलं, की त्याला ते सोडताच येत नव्हतं.

आत खुर्ची सरकली. आजीचा आवाज आला, अगदी दाराला चिकटून.

"आला?"

बाहेरचा तो नुसता उभा. त्याच्या गोणपाटावरून थेंब पडत होते… टप… टप…

"बाई," आजी म्हणाली, "तुम्ही आणलंत ना त्याला? नुसतं म्हणा. मी कडी काढते."

"आई, थांबा…" इस्त्रीवाली म्हणाली. "चिमी, मागे हो. माझ्या मागे."

"बाबा आलाय?" चिमीने विचारलं.

त्या प्रश्नाबरोबर त्याने मान वर करायला सुरुवात केली. सावकाश. मी उजेड बाजूला वळवला.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो रोज तिथेच उभा असणार, आजी रोज त्याला बाहेर आहे म्हणून सांगत होती आणि आम्ही रोज बघतो म्हणून वचन देत होतो. आज गस्त त्याला न्यायला आली, म्हणून तो आला. बिचाऱ्याने नियम मोडला नव्हता. आता एक शब्द, आणि तो आत गेला असता, तो वास, ती थंडी, सगळं घेऊन, त्या पोरीजवळ. हे मला होऊ द्यायचं नव्हतं.

मी दाराला पाठ लावली आणि मैदानावर बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "आजी, फेरी अजून संपली नाही. मी विचारते, तुम्ही उत्तर द्या. सगळे आत?"

आत कडीवर हात पडल्याचा आवाज झाला.

"आजी, तुम्ही 'एक बाहेर' म्हणालात तर मला त्याला आत आणावं लागेल. आपणच ठरवलंय तसं. नीट विचार करून बोला."

"माझं पोर थंडीत उभं आहे," आजी म्हणाली. रडत नव्हती, रागावली होती. "दाराशी उभं आहे. आणि मी म्हणू सगळे आत? तुम्हाला मूल असतं तर कळलं असतं, बाई."

लागलं ते मला. पण मी हलले नाही.

"तुमची सून आत आहे," मी म्हटलं. "नात आत आहे. त्यांचं काय?"

बाहेरच्याने एक पाऊल पुढे टाकलं. पायरीवर पांढरा थर धरला. शिपायाच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला.

मग इस्त्रीवाली बोलली. इतकी हळू, की मला दाराला कान लावावा लागला. "आई… त्या दिवशी त्यांचा चेहरा तुम्हीच पुसलात ना? भुसा लागला होता केसांना. तुम्ही एकेक कण वेचून काढलात. मला हात लावू दिला नाहीत. आठवतंय ना, आई?"

माझ्या पाठीला दारातून गारवा लागत होता. मग आत आजीने एक मोठा श्वास घेतला.

"सगळे…" ती म्हणाली. "सगळे आत."

आणि मग ती जी रडायला लागली, तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही. इतक्या महिन्यांचं साठलेलं.

शिपायाचा हात सुटला. तो धपकन खाली बसला. त्याचा तळवा पांढराफटक पडला होता, आजही तसाच आहे, तुम्ही त्याला भेटाल तेव्हा बघा. म्हणूनच तो हातमोजा घालतो.

पण तो गोणपाटवाला गेला नाही. तिथेच उभा. मान पुन्हा खाली. शाळेत शिक्षा संपली तरी "जा" म्हटल्याशिवाय न जाणाऱ्या पोरासारखा. आणि काय सांगू तुम्हाला, भीती बाजूला राहिली. आईने दार लावलं, बायकोने लावलं, जाणार कुठे तो?

मी म्हणाले, "ऐक रे. आत तुला जागा नाही राहिली. पण बाहेर काम आहे. आमच्यामागे चाल. ही वसाहत राख. आणि ताठ चाल."

मी शिपायाला उठवलं आणि निघाले. मागे वळून पाहिलं नाही. थोड्या अंतराने ती घसटती पावलं आमच्यामागून यायला लागली.

हवालदार परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते गुडघा चोळत ऐकत होते. म्हणाले, "बाई, आमच्या खात्यात भरतीला वशिला लागतो, तुम्ही तर थेट वरून माणूस आणलात." हसलो आम्ही. पण त्या संध्याकाळी फेरीला निघालो आणि पाठीमागून भुशाचा वास आला तेव्हा हवालदारांनी टोपी सरळ केली.

त्यानंतर वसाहतीत साधी सायकलसुद्धा चोरीला गेली नाही. लोक दारं लोटून झोपायला लागले, मला त्यांना ओरडावं लागायचं. आजी रोज स्वच्छ आवाजात "सगळे आत" म्हणायची, इस्त्रीवालीच्या चेहऱ्यावर रंग आला. साहेबांना वरून शाबासकी आली, ती त्यांनी मोठ्या मनाने एकट्याने घेतली. आणि मी? मी फार खुशीत होते. वाटायचं, असा तिढा कुणी सोडवला नसता. कुणाला दुखवलं नाही, कुणाला हाकललं नाही, उलट एक माणूस कामाला लावला.

मग एके दिवशी पहाटे चौकीच्या पायरीवर एक चोर येऊन बसलेला सापडला. जुना, मुरलेला गडी, साहेब वर्षभर त्याच्या मागावर होते. हातपाय गारठलेले, दात वाजत होते. "मला आत घ्या," एवढंच म्हणत होता. "कोठडीत टाका, पण आत घ्या." मला बोलावून घेतलं. त्याला चहा दिला, घोंगडी दिली. जरा माणसात आल्यावर त्याने विचारलं, "तुमच्या गस्तीत किती माणसं असतात?"

"दोघं," हवालदार म्हणाले.

"खोटं. मी रात्री कुंपणावरून उतरलो तर पुढे तो गोणपाटवाला. दुसऱ्या गल्लीत वळलो तर तिथे तो. काही करत नव्हता हो, नुसता उभा. त्याचं समजू शकतो, ठेवला असेल तुम्ही. पण…" त्याने घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. "पण त्याचं बोट धरून फिरणारी ती लहान पोर कशाला आणता, असल्या थंडीत? पायात काही नाही तिच्या…"

मी तिथून धावत सुटले. ह्या वयात, साडी वर खोचून. हवालदार त्यांचा तो गुडघा घेऊन मागे. इस्त्रीवालीचं दार बडवलं, "गस्त! गस्त! सगळे आत?"

"सगळे आत," आजी झोपेतच म्हणाली.

"उघडा!"

इस्त्रीवालीने स्टूल घेतलं, वरची कडी काढली, मग मधली, मग खालचा अडसर. मी सगळे आवाज ऐकले. आत गेले. चिमी पलंगावर गाढ झोपली होती, तोंड किंचित उघडं, एक हात उशीखाली. माझा जीव भांड्यात पडला. वेडी मी, चोराच्या बोलण्यावर धावत आले, असं म्हणून मी तिचं पांघरूण नीट करायला वाकले.

तिच्या पायांचे तळवे ओले होते, बर्फासारखे गार. बोटांच्या बेचक्यांत भुसा अडकलेला.

इस्त्रीवालीने तो पाहिला. तिने फडकं आणलं आणि एकेक कण वेचायला लागली. तेवढ्यात चिमी झोपेतच हसली आणि म्हणाली, "ताठ चालते ना मी?"

मी त्याला वसाहत राख म्हणून सांगितलं होतं. पोरीला राखायचं ते घरात ठेवून, बरोबर फिरवून नाही, हे सांगायचं राहून गेलं. त्या संध्याकाळपासून मी रोज फेरीत मागे तोंड न वळवता सांगते, "तुझं काम संपलं, जा आता." पावलं थांबतात. ऐकून घेतो. मग परत चालायला लागतो.

कड्या-कुलपांचा उपयोग नाही, ते करून झालं. इस्त्रीवालीने पोरीला घेऊन भावाकडे जाऊन पाहिलं. तिथेही सकाळी पायांना भुसा होताच. मग आम्ही पुन्हा सभागृहात बसलो, वसाहतीचे लोक आणि पोलीस. ह्या वेळी कुणी कलकलाट केला नाही. ठरलं ते एवढंच, की रात्री त्या पोरीचा हात कुणी तरी धरून बसायचं. आई किती रात्री जागणार? दिवसभर इस्त्री करते ती. म्हणून पाळ्या लावल्या. साहेबसुद्धा बसतात त्यांच्या पाळीला, टोपी काढून. ते तक्रारवाले काका बसतात, आणि तक्रार करत नाहीत. तेव्हापासून चिमीचे पाय कोरडे आहेत. आपल्याला हे जमतंय, आणि जमत राहील, एवढी मोठी वसाहत आहे आपली.

आज तुमची पाळी. आधी सांगितलं नाही, कारण आधी सांगितलं की कंबर दुखते लोकांची. मी सोडते तुम्हाला दारापर्यंत, आणि "आणलं" म्हणते.

काम अवघड नाही. पलंगाशेजारी बसायचं आणि तिचा हात हातात घ्यायचा. गुबगुबीत आहे, ऊबदार. मध्यरात्री कधी तरी ओढ लागेल. ती चिमीच्या ताकदीची नसते, तुम्ही पलंगाच्या पायाला पाय लावून बसा. बोलायचं काही नाही, उत्तर द्यायचं नाही. दार वाजलं तरी उठायचं नाही.

आणि एक. ओढ थांबते ना, त्यानंतर थोडा वेळ तुमच्या हातातला हात एकदम गार पडतो. मोठाही वाटतो जरा, खरखरीत. तेव्हा घाबरून सोडू नका, आणि दिवा वर करून आपण कुणाचा हात धरलाय ते बघू नका. तसाच धरून ठेवा. उजाडलं की तो परत ऊबदार होतो.

आत्तापर्यंत तरी तो चिमीचाच निघालाय.